सूचक कोण, अनुमोदक कोण

दरवर्षी एम.ए.चे निकाल लागले की दोन-तीन मुलींचे फोन येतात. ‘ताई, महिला आणि राजकारण यावर पीएच.डी. करायची आहे, सुरुवात कुठून करू?’ मी नाशिकलाच राज्यशास्त्र शिकले आणि जिल्ह्यातल्या महिला सरपंचांवर काम केलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी सुरुवात चुकली होती, ते आधी सांगते. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावी प्रश्नावली घेऊन गेले. सरपंचपद महिलेला सुटलेलं. ‘ग्रामपंचायतीचे निर्णय आपण स्वतः घेता का?’ हा माझा चौथा प्रश्न. ओसरीवर शेजारी त्यांचे यजमान, समोर दोन मेंबर. सरपंचताई म्हणाल्या, ‘घेतो की सगळे मिळून,’ आणि पुढचं सगळं यजमानांनीच सांगितलं. मी परत येऊन लिहिलं: नामधारी सरपंच. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ते वाचून एवढंच विचारलं, ‘हे तुला जायच्या आधीच माहीत होतं. मग गेलीस कशाला?’

पुन्हा गेले ती द्राक्षाच्या विरळणीच्या दिवसांत. ताई बागेत होत्या, मीही कात्री घेऊन शेजारी उभी राहिले. या वेळी एकच विचारलं, ‘तुमच्या काळात झालेलं एक काम पहिल्यापासून सांगा.’ पाण्याच्या टाकीची हकीकत पाऊण तास चालली. पंचायत समितीत खेटे यजमानांनी घातले होते, हे खरं. पण पाइपलाइन आधी कोणत्या वस्तीला न्यायची ते ताईंनी ठरवलं होतं आणि त्यापायी भावकीशी वाकडं घेतलं होतं. ‘निर्णय घेता का’ म्हटलं की बाई आजूबाजूला कोण बसलंय ते बघून बोलते. कामाचं विचारलं की नावं, भांडणं, कोणी सही अडवली, सगळं बाहेर येतं.

सिद्धांत वाचायचा तो या अनुभवासोबत वाचा. राज्यशास्त्राच्या अभ्यासक हॅना पिटकिन यांनी १९६७ साली प्रतिनिधित्वाचे प्रकार वेगळे करून दाखवले. सभागृहात बायका किती आहेत हा एक प्रश्न, त्या तिथे बायकांच्या बाजूनं काही करतात का हा दुसरा, आणि त्यांना खुर्चीत पाहून बाकीच्यांना काय वाटतं हा तिसरा. आपल्याकडचे बरेच प्रबंध पहिल्या प्रश्नाचे आकडे देतात आणि दुसऱ्याचा निष्कर्ष काढतात. तसं करू नका.

कायद्याचा इतिहास एका दिवसात वाचून होतो. महाराष्ट्रानं १९९० मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा दिल्या, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून देशभर एक तृतीयांश झाल्या, २०११ मध्ये राज्यात ५० टक्के. त्याच्याही आधी, १९८६ च्या नोव्हेंबरात, आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं प्रचंड अधिवेशन भरलं होतं. राखीव जागा नसतानाच्या काळातली ही गोष्ट आहे. त्या अधिवेशनाला गेलेल्या बऱ्याच बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. कोणी मौखिक इतिहास करणार असेल तर वेळ फार नाही.

अभ्यासपद्धती मी दोन निबंधांतून शिकले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००४ च्या निबंधात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. सरपंचपद कोणत्या गावात राखीव होणार हे गाव ठरवत नाही, म्हणून राखीव आणि खुल्या गावांची तुलना रास्त होते. दोन्हीकडे राखीव गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. दुसरा निबंध रिखिल भवनानी यांचा, २००९ चा, मुंबई महापालिकेवर. आधीच्या निवडणुकीत महिलेला राखीव असलेला वॉर्ड खुला झाल्यावर तिथून बाई निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डाच्या जवळपास पाचपट होती.

हे वाचून मी उत्साहानं नाशिक महापालिकेचे आकडे घेऊन बसले, आणि तीन आठवडे वाया गेले. मुंबईत एका वॉर्डातून एकच नगरसेवक. आपल्याकडे २०१२ मध्ये दोन-दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ मध्ये बहुतेक चार-चारांचे. १२२ पैकी ६१ जागा महिलांच्या, पण त्या प्रत्येक प्रभागात वाटलेल्या. म्हणजे ‘राखीव होता, आता खुला झाला’ असा वॉर्डच सापडत नाही. दुसऱ्याची पद्धत उचलताना आपल्या गावची प्रभागरचना आधी तपासा.

त्याऐवजी मला एक कोडं सापडलं, ते कोणीही घ्यावं. विधानसभेत अजून महिला आरक्षण लागू झालेलं नाही. तरी नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली इथून २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा महिला आमदार निवडून आल्या. २०२४ मध्ये जिल्ह्याच्या उरलेल्या १२ मतदारसंघांत एकही नाही. असं का? पक्षानं तिकीट कुणाला दिलं, घराणं, आधीचं नगरसेवकपद, मतदारयादी, कशाचा किती वाटा, हे शोधण्यात तीन वर्षं सहज जातील.

गावात काम करणार असाल तर प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, वही मागा. प्रत्येक ठरावाखाली सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांची नावं असतात. मी पाच वर्षांचे ठराव उतरवून महिला मेंबरांची नावं मोजली. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, वही दाखवली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, फी दहा रुपये. मात्र नुसत्या वहीवर विसंबू नका. एका मासिक सभेला मी स्वतः बसले होते. तिथे एकही शब्द न बोललेल्या बाईचं नाव वहीत सूचक म्हणून होतं, आणि रस्त्यासाठी अर्धा तास भांडलेल्या बाईचं कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी दोन रकाने करते, वहीतला आणि सभेतला. दोन्हींत फरक पडतो तिथेच माझ्या प्रबंधाचं प्रकरण उभं राहिलं.

मुलाखत लिहून झाली की परत जाऊन वाचून दाखवा. आपण प्रबंधात नाव बदलतो, पण गावात सरपंच एकच असतो. टाकी, वस्ती, साल वाचलं की तालुक्यात कोणीही ओळखतं. दिंडोरीच्या ताईंनी पूर्ण मजकूर शांतपणे ऐकला आणि भावकीच्या वाकडेपणाचं वाक्य काढायला सांगितलं. माझ्या प्रकरणातलं तेच सगळ्यात जोरदार वाक्य होतं. मी ते काढलं. इथे लिहिलं आहे ते त्यांना विचारून, तालुका बदलून.