सिम्युलेटरवर हात बसवताना या चुका टाळा

आमच्याकडे वर्धा-यवतमाळच्या खेड्यांतून बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला, आलेली मुलं पहिल्यांदा सिम्युलेटरवर, म्हणजे स्क्रीनवरचा दात कोरायचा सराव देणाऱ्या मशीनवर, बसतात, तेव्हा हरखून जातात. बर, म्हणजे दात कोरायचं फिरतं टोक, टेकला की इनॅमल, दाताचं वरचं आवरण, हाताला कडक लागतं, किडलेला भाग मऊ. चुकलं तर बटण दाबायचं, दात पुन्हा कोरा.

पहिली चूक या बटणापाशीच होते. बिघडलेला दात लगेच पुसू नका. आधी तो फिरवून बघा. दाढेच्या साध्या कॅव्हिटीला, म्हणजे भरण्यासाठी कोरलेल्या खड्ड्याला, दीड ते दोन मिलिमीटर खोली पुरते. तळ एका बाजूला जास्त खोल गेला असेल, तर बहुतेक वेळा बर तिरका धरलेला असतो. हे बघितलं नाही, तर पुढच्या दहा दातांवर तेच होतं.

दुसरी चूक बोटाच्या आधाराची. एका मुलीला स्क्रीनवर उत्तम गुण मिळाले आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, तिचा बर घसरला. "मॅडम, मशीनवर तर बरोबर आलं होतं!" मी तिच्या हाताकडे पाहिलं, आधाराचं बोट, अनामिका, हवेत होतं. मशीनवर ती मनगट पट्टीवर टेकवून काम करत होती. तोंडात तशी पट्टी नसते. पहिल्या दिवसापासून बोटाचा आधार शेजारच्या दातावर घ्या. गुणांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

तिसरी चूक आपल्या भागातली. स्क्रीनवरचं तोंड मोकळं उघडतं. आपल्या ओपीडीत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड आखडलेली माणसं येतात. एरवी तीन बोटं उभी मावतात, त्यांच्या तोंडात दोनही जेमतेम जातात. जीभ मध्ये येते, लाळ साचते, पाण्याच्या फवाऱ्याने आरसा धूसर होतो. म्हणून सिम्युलेटरनंतर फँटम हेडचा जबडा दोन बोटांवर अडवा, पाणी चालू ठेवा आणि वरची मागची दाढ फक्त आरशात बघून करा. पहिल्यांदा चिडचिड होईल, होऊ द्या.

स्क्रीनवरचा बर आणि हात जुळत नसेल, तर हाताला दोष देण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनची जुळणी, तपासा. खुर्चीची उंचीही बघा, मान वाकवून बसलात तर बर तिरकाच जातो.

आणि लाईन जाते, ते धरूनच चाला. मशीन यूपीएसवर ठेवा, प्रत्येक टप्पा झाला की सेव्ह करा. उन्हाळ्याच्या दुपारी तर नक्कीच.