ग्रंथालयात हवा तो शब्दकोश आणि त्यातला शब्द कसा शोधावा

काउंटरवर जाऊन ‘डिक्शनरी द्या’ एवढंच म्हणू नका. हाताला लागेल तो इंग्रजी-मराठी कोश पुढ्यात येतो आणि तासभर फुकट जातो. काय अडलंय ते सांगा आणि कोशाचं नाव घेऊन मागा.

मराठी शब्दाचा मराठीतून सविस्तर अर्थ हवा असेल तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. जुन्या शब्दाचा इंग्रजी अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती. शब्द आला कुठून, यासाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. वाक्प्रचारांसाठी दाते-कर्व्यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’. बखरीतल्या फारसी शब्दाला माधवराव पटवर्धनांचा ‘फार्सी-मराठी कोश’, सरकारी पत्रातल्या शब्दाला भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. शब्दार्थासाठी विश्वकोश उघडायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तो विषयांची माहिती देतो.

हे ग्रंथ संदर्भ विभागात असतात, घरी मिळत नाहीत. दशांश वर्गीकरण, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत असेल, तर मराठीचे कोश ४९१.४६३ला सापडतील. विषयांचे कोश मात्र त्या-त्या विषयाच्या कपाटात: वैद्यकाचा कोश ६१०.३ला.

आता खरी अडचण. मी मोल्सवर्थमध्ये पहिल्यांदा ‘नाव’ काढला तेव्हा तिथे फक्त होडी होती. पुन्हा पुन्हा तीच पानं चाळली, शेवटी कोशच अपुरा आहे असं ठरवून परत दिला. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी न बोलता पान उलटलं आणि बोट ठेवलं: ‘नांव’. डोक्यावर टिंब.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधीच्या कोशांत गांव, पांच, कांटा असंच छापलेलं आहे. कवी, बुद्धी हे शब्दही तिथे कवि, बुद्धि असे ऱ्हस्व मिळतात. म्हणून जुन्या कोशात शब्द दिसला नाही की आधी टिंब देऊन पाहा, मग वेलांटी बदलून. एवढं केल्याशिवाय ‘शब्द नाही’ असं म्हणायचं नाही, हे मी हट्टाने सांगतो.

दुसरा खड्डा वर्णक्रमाचा. शाळेतली बाराखडी सगळे कोशकार सारखी पाळत नाहीत, त्यामुळे कोणताही नवा कोश उघडला की मी आधी तीन शब्द काढतो. ‘अंक’ हा ‘अकरा’च्या आधी येतो की पुढे? ‘क्षमा’ क-मध्ये आहे की ह संपल्यावर? ‘काळ’ हा ‘काल’जवळ आहे की ‘काहूर’नंतर? पाच मिनिटांत त्या कोशाची रीत कळते. ही तपासणी टाळली तर अनुस्वाराचा प्रत्येक शब्द चुकीच्या पानावर शोधत बसाल.

‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या सात विभागांत शब्द नसेल तर पुरवणी विभाग मागून घ्या, तो वेगळा बांधलेला असतो आणि आपणहून कुणी आणून देत नाही. कंसातल्या [सं.], [फा.] अशा खुणांचा खुलासा संक्षेपांच्या यादीत मिळेल. उतरवून घेताना शब्दासोबत आवृत्तीचं वर्ष आणि पानही लिहा.