बाबांशी घरावरून वाद घालण्याआधी वही काढा

“आम्ही काटकसर करून घर घेतलं, तुम्हाला जमत नाही.” हे वाक्य आलं की मी हल्ली आवाज चढवत नाही, वही काढते.

बाबांना त्यांच्या पहिल्या घराची किंमत आणि त्या वर्षीचा पगार विचारा. किमतीला वर्षाच्या पगाराने भागा. शेजारी स्वतःचा तोच हिशोब मांडा. नुसत्या किमती ताडून पाहिल्या तर महागाई दोघांनाही फसवते. व्याजदर मात्र लपवू नका. २० वर्षांच्या कर्जावर ८ ऐवजी १२ टक्के व्याज असेल, तर हप्ता सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. बाबांनी तो भार सोसला होता, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी माझीच बोलती बंद झाली.

मतदानाचं वय कमी करावं का, हा विषय वेगळ्या दिवशी काढा. “सोळाव्या वर्षी काय कळतं?” असं कुणी म्हणालं, तर सांगा की ऑस्ट्रियाने २००७ मध्येच ते वय १६ केलं. अमेरिकेत १९७१ मध्ये ते २१ वरून १८ झालं. युद्धावर पाठवता, मग मत का नाही, हा सवाल तिथे बिनतोड ठरला.

“म्हाताऱ्यांचं मत काढून घ्या” असं मात्र चुकूनही बोलू नका. मी बोलले होते. आजीने दोन दिवस अबोला धरला.