घाईच्या दिवसांतही खाऱ्या पाण्यातल्या माशांना नीट खाऊ कसं घालावं

सकाळी घराबाहेर पडायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि टाकीतले सगळे मासे काचेला येऊन चिकटलेले असतात. अशा वेळी हात फ्रीजरकडे जातो, गोठलेल्या मायसिसची (कोळंबीसारख्या बारीक जीवांची) एक वडी सरळ पाण्यात पडते आणि दार ओढून आपण निघतो. त्यानं मासे काही लगेच मरत नाहीत. पण महिनाभर असंच चाललं की वाळूवर लालसर चिकट थर धरतो, कुजक्या खाद्यातून बनणारं नायट्रेट चढतं आणि एखादा भित्रा मासा पोटाशी खपाटीला गेलेला असतो, तरी घरात कुणाच्या ते लक्षात आलेलं नसतं.

आपला वेळ जातो तो खाऊ घालण्यात नाही. तो जातो वितळवण्यात, गाळण्यात, चिमटा शोधण्यात आणि पंप बंद करण्यात. यातलं बहुतेक काम आठवड्यातून एकदा अर्ध्या तासात उरकता येतं. मग रोजची पाचएक मिनिटं पुरतात. त्यातली दोन नुसती बघण्यासाठी ठेवायची आणि कितीही घाई असली तरी त्यांना हात लावायचा नाही.

आधी ठरवा, कोणाला किती वेळा

क्लाऊनफिश, डॅमसेल, गोबी, कार्डिनल यांना दिवसातून एकदा व्यवस्थित खाणं मिळालं तरी चालतं. तेवढंच खाणं दोनदा विभागून दिलं तर आणखी चांगलं. टँग आणि रॅबिटफिश हे चरणारे मासे. प्रवाळांच्या रांगेत ते दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडत असतात, म्हणून एक वेळचं भरपेट मांस त्यांच्या कामाचं नाही. त्यांना टाकीत नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याची, पट्टी लावून ठेवावी लागते. अँथियस वाहत्या पाण्यातले बारीक जीव टिपत जगतात. त्यांना दिवसातून दोन-तीनदा तरी थोडं थोडं द्यावं लागतं, एवढंसं दिलं तरी हरकत नाही. लायनफिशचं नेमकं उलटं आहे. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. रोज भरवलं तर तो सुस्तावतो आणि त्याच्या यकृतात चरबी साठते.

समुद्रघोडा आणि मँडरिन यांच्याबद्दल मात्र स्पष्टच सांगते. समुद्रघोड्याला जठरच नसतं. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा खाणं लागतं. मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक कवचधारी जीव, टिपत हिंडतो, आणि जुनी, मुरलेली, कोपेपॉडनं भरलेली टाकी नसेल तर तो हळूहळू झिजत जातो. ज्यांचा दिवस घराबाहेर जातो त्यांनी हे दोन मासे आणूच नयेत. कितीही चांगली तयारी केली तरी त्यांची भूक आपल्या वेळापत्रकात बसत नाही.

सुट्टीच्या दिवशीचा अर्धा तास

मुख्य खाद्य म्हणून गोठवलेलं मायसिस ठेवा. प्रौढ आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव) मासे आवडीनं खातात, पण त्यात पोषण तुलनेनं कमी असतं. नव्या माशाला खाण्याची सवय लावायला तो उत्तम, रोजचं जेवण म्हणून नाही. या वड्या विकत आणल्या तशाच गोठलेल्या राहू द्या. एकदा वितळलेलं खाद्य पुन्हा गोठवायचं नाही.

सोबतीला घरचं मिश्रण करता येतं. कच्ची कोळंबी, माकूळ, शिंपल्यांचं मांस घ्यायचं. मीठ-मसाला नको आणि शिजवायचंही नाही. पाकिटावर फॉस्फेट घातल्याचं लिहिलं असेल तर ती कोळंबी घेऊ नका, कारण ते फॉस्फेट पुढे टाकीत शेवाळाच्या रूपानं दिसतं. आरओच्या पाण्यात मांस धुऊन सुरीनंच बारीक चिरावं. मिक्सर वापरणार असाल तर भांड्याला साबण, तेल किंवा तिखटाचा अंशही नको. मिक्सर क्षणभर फिरवून लगेच थांबवा. लगदा झाला की निम्मं खाद्य पाण्यात विरघळून जातं आणि माशांच्या तोंडी काही लागत नाही.

हे मिश्रण चेनच्या पिशवीत भरून हातानं थापायचं, पुस्तकाच्या पुठ्ठ्याइतकं पातळ. अर्धवट गोठलं की सुरीच्या बोथट बाजूनं पिशवीवरूनच चौकटी आखायच्या. पूर्ण गोठल्यावर त्या रेघांवर तुकडा कट्कन मोडतो, अगदी चिक्कीसारखा. एक चौकट म्हणजे एका वेळचं खाणं. आणखी एक जपायचं : काही माशांच्या आणि शिंपल्यांच्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. म्हणून महिनोन्‌महिने एकाच प्रकारच्या मांसावर मासे ठेवू नयेत. मायसिस, मिश्रण आणि पेलेट (कोरड्या खाद्याच्या बारीक गोळ्या) आलटून पालटून द्या.

नोरी साधीच हवी, तेल-मीठ लावलेली नाही. कात्रीनं बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून कोरड्या बरणीत भरल्या की झालं.

पेलेटसाठी औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणा. प्रत्येक कप्प्यात एका दिवसाचे पेलेट मोजून भरायचे. घाईत हात सैल सुटतो आणि रोज चिमूटभर जास्त पडतं. डबीमुळे हे थांबतं. शिवाय आज खाणं दिलं की नाही, हे घरातल्या कुणालाही कप्पा बघून कळतं. दोन माणसांनी एकाच दिवशी दोनदा खाणं घालण्याचे प्रकार किती होतात, हे ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांना विचारा.

आदल्या रात्री

झोपण्यापूर्वी एक चौकट किंवा वडी झाकणाच्या छोट्या वाटीत टाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळपर्यंत ती वितळलेली असते. सकाळचे दिवे तुम्ही निघाल्यावर लागत असतील तर मुख्य जेवण संध्याकाळीच ठेवा आणि वाटी सकाळी फ्रीजमध्ये ठेवून जा. दिवे लागल्या लागल्या मासे पुरते जागे झालेले नसतात, अर्धा तास तरी जाऊ द्यावा. वितळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवायचं. आंबूस वास आला तर फेकून द्या, टाकीत घालू नका.

रोजची पाच मिनिटं

सर्वात आधी रिटर्न पंप, म्हणजे खालच्या टाकीतलं (सम्पमधलं) पाणी वर चढवणारा पंप, थांबवा, नाहीतर निम्मं खाद्य ओव्हरफ्लोमधून, म्हणजे पाणी खाली उतरतं त्या वाटेनं, सम्पमध्ये जातं. पंप थांबला की सम्पमधलं पाणी वर चढतं आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उतू जाऊ शकतो, म्हणून दोन्ही एकाच बटणावर असलेले बरे. टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर मंद करून चालूच ठेवा.

इथं एक काळजी घ्याच. एकदा मी घाईत पंप आणि वेव्हमेकर दोन्ही बंद केले आणि तशीच निघाले. संध्याकाळी परतले तेव्हा मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत उभे होते आणि हीटर सम्पमध्ये असल्यानं टाकीचं पाणी गार पडलं होतं. त्या दिवशी मासे वाचले. पण तेव्हापासून पंप हातानं पुन्हा सुरू करण्यावर मी विसंबत नाही. दहा मिनिटांनी आपोआप सुरू होईल असा टायमर किंवा पंपाचाच फीड मोड वापरा. या एका गोष्टीवर खर्च करायला मागेपुढे पाहू नका.

मग नोरीची पट्टी चिमट्याला लावून टाकीच्या एका टोकाला अडकवा. टँग तिकडे धावतो आणि गुंततो. तोवर वाटीतलं खाद्य बारीक गाळणीत ओतून वितळलेलं पाणी जाऊ द्या, टाकीचंच थोडं पाणी घेऊन सिरिंजमध्ये भरा आणि दुसऱ्या टोकाला, भित्रे मासे राहतात त्या खडकाजवळ, पहिली पिचकारी सोडा. दांडगे मासे नोरीत रमलेले असताना भित्र्यांच्या तोंडी चार घास पडतात. हा क्रम मी कधी बदलत नाही.

पहिली पिचकारी संपल्याशिवाय दुसरी नाही. एकूण खाद्य दोन-तीन मिनिटांत फस्त झालं पाहिजे. मायसिसचा तुकडा तरंगत खाली गेला आणि त्याच्यामागे कुणी गेलं नाही, की हात थांबवा. वाळूवरही लक्ष ठेवा. नॅसारियस गोगलगायी एरवी वाळूत गाडलेल्या असतात. खाद्याचा वास लागला की आधी त्यांची सोंड वाळूतून वर येते आणि मागोमाग अख्खी गोगलगाय. दहा मिनिटांनंतरही त्यांना वाळूवर तुकडे सापडतच असतील, तर उद्या थोडं कमी घाला. न खाल्लेलं खाद्य कुजून त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट.

आता ती दोन मिनिटं. मासे मोजा. कोण आलं नाही? कोण आला, पण घास तोंडात घेऊन थुंकला? डोक्यामागचा भाग खोलगट झालाय का? कल्ले नेहमीपेक्षा भराभर हलताहेत का? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? खाऱ्या पाण्यातला व्हाइट स्पॉट हा रोग सुरुवातीला दोन-चार ठिपक्यांचाच असतो. व्हेल्व्हेट हा दुसरा रोग तर त्याहून वेगानं पसरतो. खाणं सोडणं आणि धाप लागणं ही त्याची आधीची लक्षणं, आणि एकदा ती दिसली की थोड्याच दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. ही लक्षणं जेवणाच्या वेळी जितकी स्पष्ट दिसतात तितकी एरवी दिसत नाहीत, कारण काल धावत आलेला मासा आज मागे राहिला, हे तेव्हाच कळतं.

दुपारसाठी ऑटोफीडर

अँथियससारखे मासे असतील तर दुपारचं खाणं यंत्रावर सोपवावं लागतं. साधा ऑटोफीडर पेलेटसारखं कोरडं खाद्यच देऊ शकतो. त्याचा खरा शत्रू म्हणजे टाकीवरची खारी वाफ. पेलेट ओलावतात, त्यांचा गोळा होतो, आणि मग एक तर काहीच पडत नाही किंवा सगळं एकदम पडतं. म्हणून फीडर ओव्हरफ्लोपासून आणि पाण्याच्या खळखळाटापासून दूर बसवा, आत तीन-चार दिवसांपुरतेच पेलेट भरा आणि डबा दर वेळी कोरडा पुसून घ्या. पाण्यावर फीडिंग रिंग (तरंगतं कडं) लावली तर पेलेट वाहून जात नाहीत. एका फेरीत किती पडतं ते आधी कागदावर पाडून मोजा. सुरुवातीचा आठवडा तुम्ही घरी असाल त्याच वेळा लावा, म्हणजे काय होतंय ते डोळ्यांनी दिसेल.

एखादा दिवस चुकला तर

काही बिघडत नाही. निरोगी, वाढ झालेले बहुतेक मासे दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात. लहान पिल्लं, नुकतेच आणलेले मासे आणि अँथियस यांना ही सवलत नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घालणं हे उपासापेक्षा वाईट. आठवड्यातून एकदा नायट्रेट आणि फॉस्फेट तपासा. आकडे सतत चढत असतील तर पाणी बदलण्याच्या जोडीला खाण्याचं मापही कमी करून बघा.

चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांकडे सात कप्प्यांची डबी द्या आणि पेलेटची बाटली कपाटात बंद करून जा. बाटली समोर असली की मासे काचेशी येतात, शेजाऱ्यांना त्यांची दया येते आणि झाकण उघडतं. गोठलेलं खाद्य त्यांच्यावर सोपवू नका. पंप थांबवायलाही सांगू नका. पेलेट थोडे वाहून गेले तरी चालतील. जाण्याआधी एक दिवस त्यांच्या हातून खाणं घालून घ्या आणि टाकीत किती मासे आहेत तो आकडा डबीवर चिकटवा, म्हणजे एखादा दिसला नाही तर ते तुम्हाला फोन करतील.