एमआरची नोकरी, कार्नेगी आणि शंभर पानी वही

बी.एस्सी. झाल्यावर सोलापूर हेडक्वार्टरला एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी) म्हणून लागलो. ट्रेनिंगमध्ये मॉलिक्यूल (औषधातला मूळ घटक), डोस, समोरच्या कंपन्यांचे ब्रँड सगळं घोकून घेतलं होतं. पण डॉक्टरांच्या केबिनबाहेर दीड तास ताटकळल्यावर आत जो अर्धा-पाऊण मिनिट मिळतो त्यात माणसाशी बोलायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ते बरंचसं डेल कार्नेगी या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकांतून शिकलो. या लाइनीत नव्याने येणारी मुलं विचारतात म्हणून लिहितोय.

पुस्तक घेतलं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, पंढरपूरची गाडी लागायची होती म्हणून. मित्र जोडण्याबद्दलचं त्याचं 1936 सालचं प्रसिद्ध पुस्तक, मराठी अनुवाद. दोन दिवसांत संपवलं. चार दिवस अंगात वारं शिरलं होतं, पाचव्या दिवशी रात्री डीसीआर (दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट) भरताना पुन्हा पहिल्यासारखा कंटाळलेला. बहुतेकांची गाडी इथेच थांबते आणि मग पुस्तकाला नावं ठेवली जातात.

मला पुन्हा त्याच्याकडे नेलं ते एका साध्या माहितीने. हा माणूस स्वतः फिरतीचा सेल्समन होता. आर्मर कंपनीसाठी बेकन, साबण आणि चरबी विकत हिंडायचा. म्हणजे आपल्यातलाच! पुढे 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत तो भाषणकलेचे वर्ग घ्यायला लागला. पहिल्याच तासाला त्याच्याकडचं बोलायचं संपलं, तेव्हा त्याने विद्यार्थ्यांनाच उभं करून 'ज्याचा राग आला असं काहीतरी सांगा' म्हटलं, आणि लोक भडाभडा बोलायला लागले. पुस्तकही एका बैठकीत लिहिलेलं नाही. सुरुवातीला पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर छापलेले काही नियम होते, ते वर्गातल्या लोकांनी वापरून पाहिले आणि पंधराएक वर्षांनी त्याचं पुस्तक झालं. हे कळल्यावर मी ते कादंबरीसारखं वाचणं सोडलं. प्रकरण दोनदा वाच, खुणा कर, दर महिन्याला परत ये, असं तो स्वतःच सुरुवातीला सांगतो. ती पानं मी पहिल्यांदा चक्क उलटून टाकली होती.

आता बार्शीचा किस्सा. आमच्याकडे रॅमिप्रिल हे ब्लड प्रेशरचं औषध होतं. तिथल्या एका फिजिशियननी मला म्हटलं, "तुमच्या रॅमिप्रिलने पेशंट खोकतात." मी लगेच व्हिज्युअल एड (औषधांची माहिती दाखवायचं चित्रांचं पुस्तक) उघडून आकडे दाखवले, टक्केवारी पाठ म्हटली, शेवटी "सर, इतकं काही नसतं," हेही म्हणालो. सर गप्प झाले. आपण बाजी मारली असं वाटून मी खुशीत रसवंतीवर थांबलो. पुढचे तीन महिने जवळच्या केमिस्टकडे आरसीपीए करताना, म्हणजे कुठला डॉक्टर कुठला ब्रँड लिहितो ते बघताना, आमचा ब्रँड शून्य. खरं तर सर बरोबर होते; त्या गटातल्या औषधांनी कोरडा खोकला येतो हे आमच्या ट्रेनिंगच्या नोट्समध्येच होतं.

वाद जिंकायचा एकच मार्ग, तो टाळणं, असं कार्नेगी म्हणतो. पुढच्या कॉलला, म्हणजे भेटीला, मी बॅग न उघडता म्हटलं, "सर, मागे खोकल्याचं मी उगाच ताणलं. तुमच्या किती पेशंटना त्रास झाला?" सर दहा मिनिटं बोलले. खोकला झाला की ते पेशंटला टेल्मिसार्टन या ब्लड प्रेशरच्याच दुसऱ्या औषधावर टाकत होते. आमचं टेल्मिसार्टन त्याच व्हिज्युअल एडच्या पाचव्या पानावर होतं, आणि रॅमिप्रिलची वकिली करण्याच्या नादात मी त्या पानापर्यंत कधी पोचलोच नव्हतो.

सगळंच आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. माणसाला त्याचं नाव सगळ्यात गोड लागतं हे खरं, पण डॉक्टरांना नावाने हाक मारून बघा, दार कायमचं बंद. मी तो धडा बाहेरच्या बाकापुरता ठेवला. कंपाउंडरला सगळेच एमआर "ओ मामा" म्हणायचे. मी आडनाव विचारलं आणि पुढे आडनाव लावून मामा म्हणायला लागलो. त्यांनी मला कधी रांग मोडून आत सोडलं नाही. पण "आज सर चिडलेत, उद्या या" एवढं सांगायला लागले, आणि बार्शीहून सत्तरेक किलोमीटर परत येणाऱ्याला ते पुष्कळ असतं. खोट्या हसण्याचं आणि खोट्या कौतुकाचं मात्र करू नका. डॉक्टर दिवसात दहा-पंधरा एमआर बघतात, त्यांना वास येतो.

सगळ्यात कामाची गोष्ट सापडली त्याच्या 1948 सालच्या चिंतेवरच्या पुस्तकात. स्वतःच्या मूर्खपणाची तो एक फाइल ठेवायचा. एवढा मोठा लेखक आपली फजिती कागदावर उतरवून ठेवतो, हे वाचून मला जो धीर आला तो कुठल्याही यशोगाथेने दिला नव्हता. मी शंभर पानी वही घेतली. तारीख, गाव, मी काय बोललो, काय बोलायला हवं होतं. चार ओळी, परतीच्या एसटीत. बार्शीचं प्रकरण पहिल्या पानावर आहे.

टार्गेट यातलं काही भरून देत नाही. स्टॉकिस्टकडे (घाऊक विक्रेत्याकडे) माल नसेल, एएसएमने (एरिया सेल्स मॅनेजर, वरचा साहेब) डोक्यावर जास्तीचं क्लोजिंग (महिनाअखेरच्या विक्रीचा आकडा) टाकलं असेल, तर गोड बोलून भागत नाही. मॉलिक्यूलचा अभ्यासही तुमचा तुम्हालाच करायचा. पहिल्या सहा महिन्यांत एकच पुस्तक घ्या, आठवड्याला एक प्रकरण, आणि ते त्या आठवड्याच्या टूर प्रोग्रॅममधल्या (फिरतीच्या वेळापत्रकातल्या) एखाद्याच डॉक्टरावर वापरा. शक्यतो जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्यावर.

माझी सध्या तिसरी वही चालू आहे. परवाची नोंद: पंढरपूर, जॉइंट वर्क (नव्या एमआरसोबत डॉक्टरांच्या भेटी), नव्या मुलाचं वाक्य डॉक्टरांसमोर तीनदा तोडलं. त्याने मोजलं होतं.