देव, धर्म आणि नीतीवर प्रश्न करणारे युरोपीय तत्त्वज्ञ वाचताना या चुका टाळा

‘धर्म ही अफूची गोळी आहे’ हे वाक्य मराठीत इतकं रुळलंय की मार्क्सने ते तसंच लिहिलं असणार, असं आपण धरून चालतो. मूळ जर्मनमध्ये गोळी नाही. ‘लोकांची अफू’ एवढेच शब्द आहेत. फरक किरकोळ वाटेल, पण गोळी म्हटली की ती चारणारा हात डोळ्यांसमोर येतो, मग तो पुरोहिताचा असो की राजाचा. मार्क्सच्या त्या वाक्यात चारणारा कुणी नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या कायदाविषयक तत्त्वज्ञानावर १८४४ साली छापलेल्या लेखात हे वाक्य येतं, आणि त्याच्या लगेच आधी धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा, हृदयशून्य जगाचं हृदय म्हटलेलं आहे. त्या काळात अफू हे वेदना शमवण्याचं नेहमीचं औषध होतं. इंग्लंडात तिचा अर्क लॉडॅनम या नावाने दुकानात सहज मिळायचा. म्हणजे दुखणं खरं आहे, उतारा वरवरचा आहे, आणि मार्क्सचा रोख दुखण्याच्या कारणावर आहे. श्रद्धाळू माणसाला मूर्ख ठरवायला हे वाक्य वापरणारा मार्क्सच्या नेमकं उलट बोलत असतो. लेख जेमतेम दहा-पंधरा पानांचा आहे. निदान त्याची पहिली दोन पानं वाचल्याशिवाय हे वाक्य वापरू नका.

दुसरी चूक त्याहून सर्रास होते: वाक्य कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, हे न पाहता ते थेट लेखकाच्या नावावर टाकणं. ‘देव मेला आहे’ हे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं वाक्य घ्या. ‘द गे सायन्स’ या १८८२ च्या पुस्तकातल्या १२५ व्या परिच्छेदात एक वेडा भर सकाळी कंदील पेटवून बाजारात येतो आणि ‘मी देवाला शोधतोय’ असं ओरडत सुटतो. भोवती जमलेल्यांपैकी बरेच जण देव न मानणारे आहेत, आणि तेच त्याची टिंगल करतात. हरवला का तो? लहान मुलासारखा वाट चुकला? जहाजात बसून परदेशी गेला? तेव्हा तो त्यांच्यावर उलटतो: आपण मारलंय त्याला, तुम्ही आणि मी. शेवटी कंदील जमिनीवर आपटतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो. हे भाषण आस्तिकांना उद्देशून नाहीच. देव गेला तरी त्याच्या आधारावर उभी असलेली नीती जशीच्या तशी टिकेल, असं समजून निवांत हसणाऱ्यांना ते उद्देशून आहे. नास्तिकांच्या सभेत टाळ्या घ्यायला हे वाक्य वापरतात तेव्हा बाजारातलं ते हसणंच पुन्हा ऐकू येतं.

‘स्त्रीकडे जाताना चाबूक विसरू नकोस’ हेही असंच. नीत्शेच्या ‘दस स्पोक झरथुष्ट्र’मध्ये ते एक म्हातारी पुस्तकाच्या नायकाला, झरथुष्ट्राला, सांगते. नीत्शेची स्त्रियांविषयीची मतं इतर ठिकाणी पुरेशी वाईट आहेत, पण दाखला द्यायचाच तर त्या ठिकाणांचा द्या.

नीत्शेच्याच बाबतीत आणखी एक सापळा म्हणजे ‘द विल टू पॉवर’. या नावाचं पुस्तक त्याने पूर्ण केलं नाही आणि छापलंही नाही. जानेवारी १८८९ मध्ये इटलीतल्या तूरिनला त्याचं मन कोलमडलं. पुढे बहीण एलिझाबेथ आणि स्नेही पेटर गास्ट यांनी त्याच्या वह्यांमधली टिपणं स्वतःच्या मांडणीने जुळवली. १९०१ च्या आवृत्तीत ४८३ तुकडे होते, १९०६ मध्ये ते १०६७ झाले. टिपणं त्याचीच आहेत, पण क्रम, निवड आणि शीर्षकांचं वजन त्याचं नाही. त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेल्या पुस्तकात ज्याला आधार सापडत नाही, असा मुद्दा केवळ या संकलनावर उभा करू नका.

आता मराठीत वाचताना होणारा घोटाळा, आणि हा इंग्रजी वाचकाला होत नाही. ‘निहिलिझम’ला आपण सर्रास ‘शून्यवाद’ म्हणतो. पण शून्यवाद म्हटलं की नागार्जुन आणि माध्यमिक बौद्ध परंपरा समोर येते, तिचा या प्रकरणाशी संबंध नाही. नीत्शेला अभिप्रेत आहे ती सर्वोच्च मूल्यांनीच स्वतःची किंमत घालवण्याची अवस्था. शब्द वापरायचा तर पहिल्याच ओळीत हा खुलासा करा, नाहीतर ‘निहिलिझम’च ठेवा. ‘ऑन द जिनिऑलॉजी ऑफ मॉरल्स’ (१८८७) वाचताना तर ‘चांगलं-वाईट’ या जोडीने पुरता गोंधळ होतो. तिथे जोड्या दोन आहेत. एकीत उमदा आणि हलका: वरच्यांनी आधी स्वतःला चांगलं म्हटलं, मग खालच्यांना हीन. दुसरीत सज्जन आणि दुष्ट: खाली दाबलेल्यांनी आधी मालकाला दुष्ट ठरवलं, मग आपल्याला सज्जन. अख्खा पहिला निबंध या फरकावर चालतो. दोन्हीकडे ‘चांगलं-वाईट’च लिहिलं की युक्तिवाद दिसेनासा होतो.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्या ‘इल्यूजन’चंही तसंच. १९२७ च्या ‘द फ्यूचर ऑफ ॲन इल्यूजन’मध्ये त्याने हा शब्द मुद्दाम बांधून घेतलाय: इच्छेपोटी उपजलेली समजूत, मग ती खरी निघो वा खोटी. मध्यमवर्गीय घरच्या मुलीला राजपुत्र येऊन लग्न करेल असं वाटतं, तर ते इल्यूजन आहे, पण तसं घडूही शकतं. त्याला ‘भ्रम’ किंवा ‘माया’ म्हटलं की धर्म खोटा आहे हे सिद्ध केल्याचा दावा आपण फ्रॉइडच्या तोंडी घालतो. धर्म खरा नाही असं त्याचं मत होतंच, पण या शब्दाची व्याख्या तेवढं म्हणत नाही.

मनुस्मृती आणि नीत्शे ही जोडी महाराष्ट्रात वारंवार निघते, आणि बहुधा अर्धवट. ‘द अँटीक्राइस्ट’मध्ये (१८८८ साली लिहिलेलं, १८९५ ला छापलेलं) तो बायबलच्या तुलनेत मनूची वाहवा करतो. त्याच वर्षी लिहिलेल्या ‘ट्वायलाइट ऑफ द आयडल्स’मध्ये चांडाळांवरचे नियम मांडून त्यांतला अमानुषपणा दाखवतो. शिवाय त्याने वाचलेला मनू फ्रेंच लेखक लुई जाकोलियो याच्या भाषांतरातला होता, आणि त्यात संस्कृतात नसलेला मजकूर आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये झरथुष्ट्र हे मनूचंच नवं नाव असल्याचं लिहिलं, हा भाग सगळे उद्धृत करतात. नीत्शेचा अतिमानव (त्याने कल्पिलेला श्रेष्ठ माणूस) गुणांनी ठरतो, मनूचा जन्माने, हा फरक त्यांनी तिथेच नोंदवलाय. तो गाळू नका.

सगळ्यांना ‘नास्तिक’ या एका पिशवीत कोंबायची सवय तर सोडाच. फ्रेंच लेखक व्हॉल्तेर चर्चवर तुटून पडला, पण ईश्वर मानत होता. (‘तुमचं म्हणणं मान्य नाही, पण ते मांडण्याच्या हक्कासाठी जीव देईन’ हे त्याचं वाक्य नव्हे. एव्हलिन बीट्रिस हॉल हिने १९०६ च्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं.) जर्मन तत्त्वज्ञ कांटने ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे मोडीत काढले आणि ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या १७८७ च्या प्रस्तावनेत लिहिलं की श्रद्धेला जागा करून देण्यासाठी ज्ञान बाजूला सारावं लागलं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगॉरने आपल्याच देशातल्या चर्चवर झोड उठवली ती ख्रिस्ती म्हणूनच.

संदर्भ देताना पान क्रमांकावर विसंबू नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. नीत्शेसाठी पुस्तक आणि परिच्छेद क्रमांक द्या, ‘जिनिऑलॉजी’साठी निबंध क्रमांकही. कांटच्या याच ‘क्रिटिक’साठी ए आणि बी हे पृष्ठांक, म्हणजे १७८१ आणि १७८७ च्या आवृत्त्यांचे. आणि कीर्केगॉरच्या टोपणनावाने आलेल्या पुस्तकातलं वाक्य त्या टोपणनावानेच द्या: ‘फिअर अँड ट्रेम्ब्लिंग’ असेल तर योहानेस दे सिलेन्तिओ. १८४६ मध्ये त्याने स्वतःच वाचकांना तशी विनंती करून ठेवली आहे.