फेडलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टवर परत उगवलं तर

2012 मध्ये माझं एक क्रेडिट कार्ड थकलं. 2013 मध्ये मी शेवटची पै भरून ते बंद केलं. 2021 मध्ये घरासाठी कर्ज मागायला गेले, तर तीच थकबाकी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे कर्जं आणि त्यांची फेड यांच्या नोंदीवर, होती. बँकेच्या जागी कधी न ऐकलेल्या वसुली कंपनीचं नाव, खाते क्रमांक नवा आणि थकल्याची तारीख 2019.

घाबरून मी त्या कंपनीला फोन लावला. "मॅडम, थोडी रक्कम टाका, नोंद काढून टाकतो," असं उत्तर आलं. मी पैसे भरले नाहीत, आणि तुम्हीही भरू नका. थोडे पैसे टाकणं म्हणजे हे कर्ज माझं आहे असं कबूल करणं. कित्येक देशांत अशा भरण्याने किंवा लेखी कबुलीने कोर्टात वसुलीचा दावा करण्याची मुदत नव्याने सुरू होऊ शकते. बोलायचं ते कागदावरच बोला.

हे घडतं कसं? बँका थकलेली खाती गठ्ठ्याने विकतात. यादीत नाव आणि रक्कम जाते, पण तुमची भरल्याची पावती जातेच असं नाही. घेणारी कंपनी नवा क्रमांक देते, आणि कधीकधी तिने खातं विकत घेतल्याची तारीखच थकल्याची तारीख म्हणून चढते. सगळी गोम या तारखेत आहे. अमेरिकेत अशी नोंद साधारण 7 वर्षं राहू शकते, ब्रिटनमध्ये 6. कर्ज कितीही हातांतून फिरलं तरी ही मोजणी मूळ थकबाकीपासूनच व्हायला हवी. तारीख पुढे सरकली की मेलेली नोंद पुन्हा जिवंत होते.

म्हणून आधी हे रिपोर्ट बनवणाऱ्या सगळ्या क्रेडिट संस्थांकडून आपले रिपोर्ट काढा. माझी नोंद दोघींकडे होती, बाकीच्यांकडे नव्हती. भारतात अशा चार संस्था आहेत आणि प्रत्येकीचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. मग तुमची तक्रार नक्की कोणती ते ठरवा: कर्ज माझं नाही, फेडलं आहे, की नोंद ठेवण्याची मुदत उलटली आहे? तिन्हींचे पुरावे वेगळे. सरसकट "ही नोंद चुकीची आहे" एवढंच लिहिलंत, तर उत्तरही तितकंच मोघम येईल.

मी लिहिलं होतं: "हे खातं मूळ बँकेत 2012 मध्ये थकलं आणि 2013 मध्ये पूर्ण फेडून बंद झालं. सोबत नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचं) पत्र आणि शेवटच्या भरण्याचं स्टेटमेंट आहे. 2019 ही तारीख चूक आहे. नोंद काढून टाकावी." बस, एवढंच. आपल्या अडचणींची कहाणी पत्रात घालू नका; वाचणारा त्यात तारीख शोधत बसणार नाही. एक पत्र क्रेडिट संस्थेला, एक नोंद पाठवणाऱ्या कंपनीला. कागदांच्या प्रतीच द्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्या.

पहिलं उत्तर आलं: "माहिती तपासली, बरोबर आहे." त्या दिवशी मला रडू आलं. पण ही तपासणी पुष्कळदा कशी होते, तर संस्था कंपनीला विचारते आणि कंपनी आपलीच चुकीची फाइल पाहून होकार देते. तेव्हा थांबू नका. कोणता कागद पाहून खात्री केली, असं लेखी विचारा. आणि मूळ बँकेकडून खातं बंद झाल्याच्या तारखेचं ताजं पत्र आणा. माझं काम त्या एका पत्राने झालं.

तपासाला अमेरिकेत साधारण 30 दिवस असतात. भारतातही 30 दिवस आहेत, आणि त्यापुढे तक्रार रखडली तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही, तर भारतात रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि अमेरिकेत ग्राहक वित्त संरक्षण संस्थेकडे तक्रार करता येते.

नोंद निघाल्याचं लेखी मागून घ्या आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढून बघा. ते खातं तिसऱ्याच कुणाला विकलं गेलेलं असू शकतं. तसं झालं तर हेच कागद पुन्हा पाठवायचे आहेत.